पक्कं काम

लोकेश मेश्रामच्या घरात एखादी वस्तू एकदा खुळखुळली की तिचे दिवस भरलेच म्हणायचे. लोकेश रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात वेल्डर आहे. बीरगांवातल्या घरी, मागच्या पडवीत त्याचं स्वतःचं जुनं मशीन आहे. ते सुरू झालं की शेजारपाजारचे दिवे मिणमिणतात आणि बायका ओळखतात की मेश्रामांकडे काहीतरी पक्कं होतंय. घडीची खाट एकदा त्याच्या आईच्या, शांताबाईच्या, बोटावर मिटली, तर त्याने तिचे सांधेच जोडून टाकले. ती खाट आता मिटत नाही, दारातून बाहेर निघत नाही, आणि घरातली माणसं तिला वळसा घालून चालतात. स्वयंपाकघरातल्या खिडकीची लोखंडी झडप वाऱ्याने आपटायची, ती बंद झाली ती कायमची. जुन्या टेबलफॅनची मान ढिली पडली होती, तिला टाका मारला, तेव्हापासून वारा फक्त शांताबाईच्या खाटेकडे जातो. लोकेशची बायको चेतना बंद झडपेसमोर उभी राहून पोळ्या लाटते आणि तिचा घाम कोपरावरून परातीत पडू नये म्हणून खांद्यावर टॉवेल ठेवते.

लोकांना मात्र लोकेशचं फार कौतुक. कोणाचं गेट निखळलं, कोणाच्या ठेल्याचं चाक वाकलं, की लोकेशभैया. चहावर काम करून देतो. विहाराच्या जिन्याचा कठडा त्याने फुकटात करून दिला, त्याला आज हत्ती टेकला तरी हलणार नाही. सोन्यासारखा माणूस, असं सगळा पारा, म्हणजे सगळी वस्ती, म्हणते. चेतनालाही ते नाकारता येत नसे, आणि त्याचाच तिला जास्त राग येई. वाईट माणसावर रागावता येतं. भल्या माणसाने तुमच्या भल्यासाठी तुमची खिडकी बंद केली, तर बाईने भांडायला कुठून सुरुवात करायची?

चेतना सिलतऱ्याच्या रस्त्यावरच्या एका खाजगी दवाखान्यात ड्रेसर आहे. जखमा धुणं, मलम लावणं, पट्टी बांधणं, टाके काढणं हे तिचं काम. येणारे बहुतेक कारखान्यांतले. ठिणग्यांनी भाजलेले, पत्र्याने कापलेले, बोट चेंगरलेले. डॉक्टरबाई तपासून चिठ्ठी लिहितात, पण जखमेला हात लागतो तो चेतनाचा. रात्रपाळी सुटल्यावर दाराशी रांग लागते, त्यामुळे सकाळी उशीर चालत नाही. लोकेशची पाळी दर आठवड्याला फिरते, त्याच्या मोटारसायकलचा भरवसा नाही. शेअर ऑटोत माणसं एकमेकांच्या मांडीवर बसतात, आणि बाई दिसली की जरा जास्तच बसतात. चेतनाला या कशाचीच गरज नव्हती. तिच्याकडे सायकल होती.

ती सायकल तिच्या वडिलांनी, हरिदास गजभियेंनी घेतलेली. ते रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत फिटर होते. बदलून जाणाऱ्या एका साहेबाच्या मुलाची ही शर्यतीची सायकल त्यांनी हेरली आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीसमोर आणून उभी केली. पातळ टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, पुढे दोन दातेरी चक्रं आणि मागे पाच, आणि चेन एकावरून दुसऱ्यावर सरकवायला दांडीवर दोन खटके. चेतना तिच्यावर कॉलेजच्या शर्यतीत धावली, एकदा जिंकलीही. लग्नात सायकल आलमारीसोबत मेटॅडोरमधून सासरी आली तेव्हा लोकेशचे काका म्हणाले, पोरीनं माहेराहून घोडा आणला. सगळे हसले. चेतनाने घोडा पडवीत बांधला आणि हळद उतरायच्या आत त्याच्यावर बसून कामाला गेली. चालेल का, असं तिने कोणाला विचारलं नाही, म्हणून कोणाला नाही म्हणताही आलं नाही. हँडलवरची फीत फाटली तेव्हा तिने दवाखान्यातलं बँडेज घट्ट गुंडाळून घेतलं. ते मळलं की बदलायचं.

सायकलचा शत्रू एकच होता, काळी धूळ. चिमण्यांतून निघते, रात्रीतून गच्चीवर बसते, सकाळी वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर बोट फिरवलं की रेघ उमटते. बीरगांवातली माणसं तिच्याबद्दल बोलत नाहीत, झाडतात फक्त. ही धूळ तेलकट चेनला धरते आणि कानसेसारखी दात खाते. चेतना दर रविवारी घासलेटात जुना दात घासायचा ब्रश बुडवून पाचही चक्रं साफ करायची. तरी यंदा पावसाळ्याच्या आधी चेन सरकवणारा मागचा दांडा अडकला, आऱ्यांत गेला आणि मोडला. तसा भाग आता रायपुरात मिळत नाही. पुलाखालच्या सायकलवाल्या सुशीलने सांगितलं की दीदी, याच्या मागे लागू नका, सगळं काढून टाका. खटके, तारा, जास्तीची चक्रं, सगळं. पुढे लहान चक्र ठेवा, मागे एकच साधं फ्रीव्हील बसवा, चेन कापून छोटी करा. धूळ बसायला जागाच उरणार नाही.

चेतनाला ते पटलं. शिंगांचं हँडल राहणार होतं, वडिलांनी निवडलेला सांगाडा राहणार होता, आणि उरलेल्या लटांबराची तिलाही हौस नव्हती. तिने नवं फ्रीव्हील विकत घेतलं. फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकाचं ते दातेरी चक्र, ज्याच्यामुळे पाय थांबवले तरी चाक टिकटिकत पुढे जात राहतं. सायकल दुसऱ्या दिवशी सुशीलकडे टाकायची होती.

तेवढ्यात लोकेशने फ्रीव्हील हातात घेऊन हलवून पाहिलं.

"हे तर खुळखुळते," तो म्हणाला.

नवं आहे, ते एवढं हलतंच, असं चेतनाने सांगितलं. पण घरात असा कारागीर असताना सायकल दुकानात कायले न्यायची, लोक काय म्हणतील, असं म्हणून त्याने सायकल पडवीत ओढली. दोन दिवसांत करून देतो, म्हणाला. त्याला नुकतीच एक नवी गोष्ट कळली होती. कारखान्यात अभिनव नावाचा एक तरुण इंजिनियर आला होता, चौबे कॉलोनीतला, तिथल्या जुन्या मराठी घरातला. तो सुटीच्या दिवशी नव्या रायपूरच्या मोकळ्या रस्त्यांवर सायकल चालवायचा आणि त्याच्या सायकलला फ्रीव्हील नव्हतंच. चाक आणि पॅडल थेट जोडलेलं. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार, पाय थांबवता येणार नाहीत. ती सायकल मोटारसायकलच्या किमतीची होती, हे लोकेशने साहेबाच्या तोंडून ऐकलं आणि त्याचे डोळे विस्फारले. जे खुळखुळतं ते काढून टाकलेली, पक्की सायकल!

त्याने फ्रीव्हीलचं आतलं कडं आणि बाहेरचं कडं जोडून टाकलं. उलटं फिरून सुटू नये म्हणून चाकाच्या मधल्या लोखंडी नळीलाही टाके मारले. मग मागचं चाक उचलून हाताने पॅडल फिरवून पाहिलं, झकास फिरलं. स्वतः बसून पाहिलं नाही. चेतनाला काही सांगितलं नाही. अशा सायकलवर बसणारा पाय पट्ट्याने पॅडलला बांधून बसतो, आणि तिच्यावर बसणं नव्याने शिकावं लागतं, हे साहेबाने सांगितलं होतं की नाही कोण जाणे. सांगितलं असेल तरी लोकेशच्या कानात पोचलं ते फक्त किमतीचं.

सोमवारी सकाळी चेतनाला उशीर झाला होता. सायकल गल्लीतून ढकलत नेताना पॅडल आपोआप फिरून तिच्या नडगीवर आपटलं. छोटी केलेली चेन घट्ट असेल, तिला वाटलं. गल्लीच्या तोंडाशीच रेल्वेवरचा पूल सुरू होतो. ती बसली आणि चढ सुरू झाला, म्हणजे पाय थांबायचा प्रश्नच नव्हता. पुलाच्या माथ्यावर पोचल्यावर तिने इतक्या वर्षांच्या सवयीने पाय स्थिर केले, पाठ सैल सोडली.

पॅडलने तिला उचललं. पायाखालून कोणी पाटच उपसावा तसं. एक पाय सुटला, फिरत्या पॅडलने पोटरीवर तडाखा दिला, तिने दोन्ही ब्रेक आवळले आणि ती हँडलवरून डांबरावर गेली, डाव्या हातावर. मागचा ट्रक कचकन थांबला. ड्रायव्हर उतरून शिव्या देणार होता, तिचा हात पाहून थांबला आणि तिला बाजूला बसवलं. तिच्याच दवाखान्यात तिला नेलं, तिच्याच रांगेतल्या माणसांनी तिला पुढे जाऊ दिलं. मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघेपर्यंत तुझी जागा ठेवते, डॉक्टरबाई म्हणाल्या, पण हात चांगला नसेल तर ड्रेसर कशाची? आणि येशील कशी, तेही बघ. उशीर मला चालणार नाही.

इथपर्यंत अपघात होता. इथून पुढे जे झालं त्याला अपघात म्हणत नाहीत.

लोकेश धावत आला, तिला घरी आणलं, चहा करून पाजला, आणि शेजारचे विचारायला आले तेव्हा म्हणाला, "आता सायकल झेपत नाही हिले. म्या कितीदा म्हटलं." दुसऱ्या दिवशी हेच वाक्य शांताबाईने पाण्याच्या नळावर नेलं. तिसऱ्या दिवशी ते किराणा दुकानात पोचलं, आणि रविवारी वंदना संपल्यावर विहाराच्या ओट्यावर ते चेतनाची वाट पाहत बसलं होतं. उमर पाहावी ना माणसानं, एक बाई म्हणाली. चष्म्याचा नंबर तपासला का वं, दुसरी म्हणाली. लोकेश त्याच्या त्या कठड्याला टेकून हसत उभा होता. "तिले अजून वाटते का कॉलेजात आहे," तो म्हणाला, आणि सगळे हसले. प्रेमानेच हसले. चेतना प्लास्टरचा हात छातीशी धरून उभी राहिली आणि तिला वाटलं, खरंच असेल. पाय थांबवता येत नसतील आता आपल्याला. माणसाच्या शरीरातून काय कधी निघून जाईल सांगता येतं का? एवढं हसू झाल्यावर बाई स्वतःवरच शंका घेते. हसणाऱ्यांचं काम तेवढंच असतं.

घरी येऊन तिने लेकीला, मोनालीला, सायकलचं मागचं चाक उचलून धरायला सांगितलं. मोनाली नर्सिंग शिकते. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत.

"क्या देखना है, मम्मी?"

चेतनाने उजव्या हाताने पॅडल पुढे फिरवलं. चाक फिरलं. मग मागे फिरवलं. चाकही मागे फिरलं. तिने पुन्हा फिरवलं. टिकटिक नाही. ती खाली बसली, पदराने फ्रीव्हीलवरची काळी धूळ पुसली. कडेने टाका होता. बारीक, एकसारखा, माशाच्या खवल्यांसारखा रचलेला. हा टाका तिला पाठ होता. तो खिडकीवर होता, खाटेवर होता, पंख्याच्या मानेवर होता. रायपुरात एवढा सुंदर टाका दुसरं कोणी मारत नाही.

"पापाने किया?" मोनालीने विचारलं.

चेतनाला दुसरीच एक गोष्ट आठवली होती. ती पडली त्याच संध्याकाळी लोकेशच्या गुडघ्याला लागलेलं होतं. कारखान्यात ठिणगी उडाली, असं म्हणून त्याने स्वतःच त्यावर हळद दाबली. तिने एका हाताने ती जखम धुवायला घेतली तर तो म्हणाला राहू दे, आणि तिला तेव्हा स्वतःच्याच हाताची कळ इतकी होती की तिने राहू दिलं. पण तेवढ्यात तिने पाहिलं होतं. ठिणगीची जखम गोल आणि खोल असते, कडा पांढऱ्या पडतात. ही खरवडलेली होती आणि कातडीत डांबराचे कण रुतले होते. ते दोन दिवसांनी तिनेच चिमट्याने काढले होते, आणि काढतानाही डोकं चाललं नव्हतं.

म्हणजे पुलावर राहिलेली सायकल घरी आणताना त्याने ती चालवून पाहिली होती. तोही पडला होता. त्याला माहीत होतं. आणि माहीत असून तो विहाराच्या ओट्यावर हसला होता.

तो घरी आल्यावर तिने विचारलं, तेव्हा त्याने आधी नाही म्हटलं, मग चेन अडकली असेल म्हटलं, मग टाका पाहून म्हटलं की केलं तर तुझ्यासाठीच केलं ना. साहेबांची अशीच आहे. मोठे लोक हीच वापरतात. तिने विचारलं की मग पाऱ्यात जाऊन हे सांगाल का. त्यावर तो बराच वेळ बूट काढत बसला.

"प्लांटमध्ये माझं नाव आहे," तो शेवटी म्हणाला. "लोक म्हणतीन, याचा टाका याच्याच बायकोले पाडते. झालं ते झालं. तुले मी सोडत जाईन गाडीवर."

"तुमची रात्रपाळी असली का?"

"त्या आठवड्यात नको जाऊ. डॉक्टरीणबाईले सांगू."

आणि एवढ्यावर थांबला असता तरी चेतनाने कदाचित गिळून टाकलं असतं, जसं खिडकीचं गिळलं होतं. पण त्याने पुढे सांगितलं की सायकल त्याने अभिनव साहेबाला देऊन टाकली आहे. साहेबाला जुन्या सांगाड्यांचा शौक आहे. रविवारी न्यायला येतो. साहेब खूष झाला तर कायमची दिवसपाळी लावून देईन म्हणाला, मग तर रोजच सोडता येईल, म्हणजे बघ, सगळ्यांचंच भलं. त्याचा चेहरा खरोखर उजळला होता. सगळे सांधे जुळले होते. कुठेच काही खुळखुळत नव्हतं.

चेतना त्या आठवड्यात कोणाशी फारसं बोलली नाही. एका हाताने कणीक मळायची, ती नीट मळली जायची नाही, आणि शांताबाई जेवताना म्हणायची की पोळ्या कडक झाल्या. मोनाली म्हणाली, मम्मी, सबके सामने बोल दो ना. पण चेतनाला बोलायचं नव्हतं. तिने बोललेलं ऐकून लोक पुन्हा प्रेमाने हसले असते. बोलायचं त्याने होतं.

रविवारी अभिनव आला. सज्जन मुलगा, चप्पल दाराबाहेर काढून आला, शांताबाईला वाकून नमस्कार केला, चेतनाला काकू म्हणाला, आणि हात कसा आहे ते विचारलं. त्यालाही तेच सांगितलेलं होतं. सायकल अंगणात उभी होती. त्याने सांगाड्यावरून हात फिरवला, मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि टाका पाहून म्हणाला, "लोकेशभैया, क्या सफाई है." लोकेश लाजला. शांताबाई खाटेवरून उठून दारात येऊन बसली. लेकाचं कौतुक ऐकायला ती नेहमीच दारात येते. शेजारची दोन माणसंही कुंपणाशी थांबली.

"साहेबाले चालवून दाखवा न," चेतना म्हणाली.

लोकेशने तिच्याकडे पाहिलं. साहेब स्वतःच चालवून पाहतील, त्यांना सवय आहे, असं काहीतरी तो म्हणाला.

"ते तर चालवतीनच. तुम्ही बनवली, तुम्ही दाखवा. जास्त नाही, पुलावर जाऊन या. चढून अन् उतरून."

अभिनवने मान डोलावली. हाँ हाँ, दिखाइए ना. लोकेशने हँडल धरलं. तिने गुंडाळलेल्या बँडेजवर त्याची बोटं आवळली, सुटली, पुन्हा आवळली. तो सायकलवर बसला नाही.

"गुडघा दुखून राहिला," तो म्हणाला.

"गुडघ्याले काय झालं रे?" शांताबाईने विचारलं. लेकाचं काही दुखतंय हे तिला नवीन होतं.

"सांगा न आईले," चेतना म्हणाली, "गुडघ्याले काय झालं."

"लागलं."

"कशानं?"

तो सायकलकडे पाहत राहिला. चेतनाचा आवाज चढलेला नव्हता. दवाखान्यात ती याच आवाजात विचारते, कुठे लागलं, कशाने लागलं, कधी लागलं, आणि कामगार मुकाट्याने सांगतात, कारण तिथे खोटं बोलून जखम भरत नाही.

"पडलो," लोकेश म्हणाला.

"कशावरून?"

"यावरून."

"काहून? तुमची तर उमर नाही झाली."

त्याने हँडल सोडलं. सायकल कुंपणाला टेकली.

"थांबत नाही ते," तो म्हणाला. "पाय थांबवले का फेकते. पट्टे नसले का कोणालेही फेकते."

"मले झेपत नाही म्हणून नाही?"

"नाही."

"जोरानं सांगा."

"नाही म्हटलं ना. म्या जाम केलं म्हणून पडली. सांगितलं नाही म्हणून पडली."

कुंपणाशी थांबलेला एकजण खाकरून निघून गेला. ही गोष्ट आता पाण्याच्या नळावर जाणार, हे सगळ्यांनाच कळलं. शांताबाईलाही कळलं, आणि तिचा चेहरा लाल झाला, पण सुनेच्या हातासाठी नाही.

"अन् मी अख्ख्या पाऱ्यात सांगत फिरली का सून म्हातारी झाली," ती लेकाला म्हणाली. "माझं तोंड काय घरच्या गेटसारखं आहे का रे, तू म्हणशील तसं जोडाले?"

अभिनव अवघडला होता. मुलगा सज्जन होता म्हणूनच त्याने मध्ये पडायचं ठरवलं. काकू, ही सायकल अशी चालवणं खरंच धोक्याचं आहे, तो हिंदीत म्हणाला, आता तुमच्या काही कामाची राहिली नाही, मी घेऊन जातो, नीट ठेवीन. चेतनाला त्याचा राग त्या क्षणी लोकेशइतकाच आला. हाही भलंच करायला निघाला होता.

"माझ्या कामाची कशी करायची ते मी पाहीन," ती म्हणाली. "तुम्ही चहा घेऊन जा. सायकल कोणाची न्यायची असन तर आधी तिच्या मालकाले विचाराव, एवढं ध्यानात ठेवजा."

तो चहा न घेताच गेला. दिवसपाळीही त्याच्यासोबत गेली असावी. लोकेशने तिचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्या दुपारी तो ग्राइंडर घेऊन पडवीत आला. टाका कापून देतो, एका तासाचं काम आहे, होतं तसं करून देतो. चेतना सायकलच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली.

"हात लावू नका."

"अवं, पण म्याच केलं तर मीच..."

"म्हणूनच."

तो तिथेच ग्राइंडर हातात धरून उभा राहिला. घरात काहीतरी बिघडलेलं आहे आणि त्याला ते नीट करू दिलं जात नाही, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. त्याला काय करावं कळेना. त्याने शेवटी शेजाऱ्याचा कूलरचा स्टँड आणून त्याला टाके मारले, आणि सगळ्या गल्लीचे दिवे मिणमिणले.

सायकल मोनालीने ढकलत सुशीलकडे नेली, मागून चेतना. सुशीलने चाक फिरवलं, टाका पाहिला, आणि मालकीण समोर असल्यामुळे हसू दाबलं. मधली नळीच जोडली गेली होती, ते आता सुटणार नव्हतं. पूर्ण चाक बदलावं लागलं. लोखंडी रिमचं साधं चाक, साध्या सायकलचं, दुधवाल्यांच्या सायकलला असतं तसं. सांगाड्यात बसवायला त्याला बराच वेळ लागला. चेन पुढच्या चक्राशी सरळ रेषेत यावी म्हणून वॉशर टाकावे लागले, काढावे लागले, पुन्हा टाकावे लागले. मग त्याने चाक मागे खेचून चेन ताणली, बोल्ट कसले, आणि पॅडल उलटं फिरवलं. टिकटिक ऐकू आली. चेतनाने त्याला पुन्हा फिरवायला लावलं.

जुनं चाक सुशीलने विचारलं, काय करू. ठेव तुझ्याकडे, ती म्हणाली. माझ्या घरात नको.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट बारीक आणि पिवळट झालं होतं, मूठ पूर्ण वळत नव्हती. दवाखान्यात पहिल्या दिवसापासून सगळी रांग झेपणार नाही हे तिला माहीत होतं. पण पोचणं झेपणार होतं. सकाळी ती निघाली तेव्हा लोकेश दुसऱ्या पाळीचा होता, त्याला झोपायची मुभा होती, तरी तो मोटारसायकल काढून गल्लीत उभा होता. कुठे जाऊन राहिले, असं तिने विचारलं नाही. तो मागे निघाला. हळू, पहिल्या गियरमध्ये, तिच्या पाठीशी.

एकाच चक्रावर पूल जड होता. पूर्वी ती मागचं मोठं चक्र लावून बसल्याबसल्या चढायची. आता उभं राहून, अंगाचा भार टाकून चढावं लागत होतं, आणि डाव्या हाताला कळ जात होती. मागून लोकेश सांगत होता की उतर, ढकलत ने, कायले जीव काढून राहिली. मग म्हणाला की सुशीलनं मागचं चक्र लहानच टाकलं, त्यालेच अक्कल नाही, मले विचारलं असतं तर सांगितलं असतं. मागचे ट्रक भोंगे वाजवू लागले, कारण एका सायकलीमागे एक मोटारसायकल पायी चालल्यासारखी चालली होती.

माथ्याच्या थोडं अलीकडे चेतना थांबली. पाय टेकवला. तो बाजूला येऊन थांबला.

"पुढं व्हा," ती म्हणाली.

"तू चाल न. मी आहो मागं. पडली गिडली तर..."

"मी पडली नव्हती. पाडली होती. पुढं व्हा, नाहीतर घरी जा. माझ्या मागं कोणी नको."

ट्रकवाला बोंबलत होता. लोकेशने तिच्याकडे पाहिलं, हँडलवरच्या तिच्या हाताकडे पाहिलं, आणि गियर टाकून पुढे गेला. पुलाच्या पलीकडच्या पायथ्याशी जाऊन त्याने गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि उगाच टायर दाबून पाहू लागला.

चेतनाने मूठ आवळून ब्रेक तपासला. माथा ओलांडला, आणि उतार लागताच पाय थांबवले. चाक आपलं आपण चालत राहिलं. डावीकडे रेल्वेच्या यार्डात डबे उभे होते, समोर चिमण्यांचा धूर होता. टायरपाशी वाकलेल्या माणसाने तिला येताना पाहिलं आणि उभं राहून हात वर केला. ती त्याच्या जवळून गेली तेव्हा तो काहीतरी बोललाही, पण तोवर ती पुढे निघून गेली होती.